काकांचा जुना सेट आणि नवा सेट: मोजमापाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज सकाळी काकांनी घरी बोलावून दोन बॅगा माझ्यासमोर ठेवल्या. एकीत त्यांचा गोल्फच्या काठ्यांचा, म्हणजे क्लबांचा, जुना सेट होता. १९८४ साली बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी तो विकत घेतला आणि फौजेतून निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झाल्यानंतरही आजपर्यंत तोच वापरला. दुसऱ्या बॅगेत पुण्याच्या मुलांनी पंचाहत्तरीनिमित्त पाठवलेला कोरा सेट होता, त्यातल्या निम्म्या क्लबांवरचे प्लॅस्टिकही अजून निघालेले नव्हते. काका म्हणाले, "मुलांना वाईट वाटू नये म्हणून नवा वापरावा असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि मला जुना सोडवत नाही. तू टूलरूमवाला माणूस आहेस. दोन्ही मोज आणि काय ते खरं सांग. माझ्या मनाचा विचार करू नकोस."

मी काम घेतले, पण शेवटची अट पाळता येईल असे मला वाटत नाही. एकच माणूस चाळीस वर्षे एखादी वस्तू वापरतो, तेव्हा त्याचे मन त्या वस्तूच्या मापांतही उतरलेले असते.

दोन्ही सेट एकत्र वापरण्याचा मार्ग नियमानेच बंद आहे. एका फेरीत बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी तो स्वीकारला. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब बॅग वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर लादत असत. निवड अटळ असल्यामुळे ती एकेका क्लबाची स्वतंत्रपणे करायची असे मी ठरवले आहे. "जुना सेट की नवा सेट" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कारण क्लब ही एक वस्तू नसून डोके, दांडा आणि मूठ अशा तीन वस्तू असतात आणि तिन्हींचे म्हातारपण वेगवेगळ्या वेळी येते.

काकांचे घर गोल्फ क्लब मैदानापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे आता क्रिकेट खेळले जाते, रणजीचे सामनेही होतात. तरीही रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हटल्याशिवाय पत्ता कळत नाही. बॅग गाडीत ठेवताना काकांनी हे मला आवर्जून सांगितले.

१२ जानेवारी, रविवार

अंबडच्या आमच्या वर्कशॉपला सुट्टी असल्याने सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापाची अगदी सपाट पाटी, मोकळी मिळाली. दांडा व्ही ब्लॉकमध्ये धरून, तळ प्लेटला समांतर टेकवून, बेव्हल प्रोट्रॅक्टर या कोनमापकाने प्रत्येक आयर्नचे, म्हणजे लहान धातूच्या डोक्याच्या नंबरवार क्लबाचे, दोन कोन घेतले. चेंडूला भिडणारा पृष्ठभाग जितका मागे कललेला असतो तो लॉफ्ट (तो जितका कमी तितका चेंडू लांब जातो), आणि दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय. प्रत्येक माप तीनदा घेऊन मधले लिहिले.

पहिली गोष्ट लॉफ्टची. काकांच्या जुन्या ७ नंबर आयर्नचा लॉफ्ट ३७ अंश निघाला आणि नव्या ७ नंबरचा २९.५ अंश. जुन्या ५ नंबरचा लॉफ्ट ३०.५ अंश आहे. म्हणजे नव्या सेटमध्ये ज्याच्या तळावर ७ कोरलेले आहे, तो कोनाच्या हिशेबाने जुन्या ५ नंबराहूनही किंचित उभा आहे. दांड्याची लांबीही त्याला जुळती, जुना ५ नंबर साडेसदतीस इंच आणि नवा ७ नंबर सदतीस इंच. गेल्या चाळीस वर्षांत जवळपास सगळ्याच उत्पादकांनी लॉफ्ट असे उभे करत आणले आहेत. नव्या डोक्यात वजन खाली आणि मागे ठेवता येत असल्याने कमी लॉफ्टनेही चेंडू पुरेसा उंच जातो, हे त्यामागचे खरे तांत्रिक कारण आहे. मात्र दुकानात "पंधरा यार्ड जास्त" असे सांगितले जाते, तेव्हा त्यातला मोठा वाटा तळावरच्या आकड्याचा असतो हे कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट लायची. नंबर वाढत जातो तसा दांडा आखूड होतो आणि लाय साधारण अर्ध्या अर्ध्या अंशाने वाढत जाते. जुन्या सेटमध्ये ५ नंबर ५९.५, ६ नंबर ६०, ८ नंबर ६१, ९ नंबर ६१.५ असा चढता क्रम सुरेख लागला. अपवाद फक्त ७ नंबराचा. तिथे ६०.५ अपेक्षित असताना ५८ अंशच मिळाले. मी प्रोट्रॅक्टर तपासला, व्ही ब्लॉक पुसला, तळाखाली कण अडकला आहे का ते पाहिले आणि पुन्हा मोजले. पुन्हा ५८.

जुने डोके नरम पोलादाचे, घडवलेले आहे. असे पोलाद वाकते, आणि मुरमाड, कडक जमिनीवर वर्षानुवर्षे आपटत राहिले की मानेपाशी, म्हणजे डोके दांड्याला जुळते तिथे, हळूहळू बसतही जाते. काका सरावाला नेहमी ७ नंबरच उचलतात, त्यामुळे तोच एकटा बसला असावा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मखमलाबादच्या मित्राच्या पडीक शेतात चाचणी ठरली होती, पण मुले पतंगांमागे धावत होती. मान वर करून धावणाऱ्या मुलांच्या रानात चेंडू मारणे शक्यच नव्हते. तिळगूळ घेऊन परतलो.

१९ जानेवारी, रविवार

शेतात चटई अंथरून, दर दहा यार्डांवर चुन्याच्या रेघा ओढून चाचणी घेतली. काकांनी प्रत्येक क्लबने बारा चेंडू मारले आणि दर चार चेंडूंनंतर क्लब बदलला, म्हणजे थकव्याचा भार एकावरच पडू नये.

जुना ७ नंबर सरासरी १०८ यार्ड, नवा ७ नंबर १२७, जुना ५ नंबर १२४. काका पहिल्यांदा हरखले आणि मग, मी लॉफ्टचा कागद दाखवल्यावर, बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. "म्हणजे मी पाच नंबर मारतोय आणि त्याला सात म्हणतोय," ते म्हणाले. मी होकार दिला.

परंतु कागदाचा दुसरा रकाना नव्या क्लबाच्या बाजूने बोलतो आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्या ७ नंबराच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फटक्यांत १४ यार्डांचे अंतर होते, तर जुन्या ५ नंबराच्या बाबतीत तेच अंतर २७ यार्डांचे होते. चेंडू मधोमध लागला नाही तरी नवे डोके कमी वळते, कारण त्याचे वजन कडेला पसरलेले असते. पंचाहत्तरीतल्या मनगटांना ही मदत खरी आहे.

२५ जानेवारी, शनिवार

काकांचा चेंडू पृष्ठभागावर नेमका कुठे लागतो ते पाहायचे होते. जुळणी तपासताना आम्ही मार्किंग ब्लू या निळ्या रंगाचा जो पातळ हात मारतो, तोच दोन्ही ७ नंबरांच्या पृष्ठभागावर मारला. प्रत्येक चेंडूगणिक निळ्यावर एक गोल स्वच्छ ठसा उठत गेला.

जुन्या क्लबावर सगळे ठसे मानेकडच्या बाजूला, एकावर एक असे पडले. निळा पुसल्यावर दिसले की तिथे आधीपासूनच अंगठ्याच्या नखाएवढा एक डाग आहे. तिथली धातूची झिलई वेगळी आहे, पृष्ठभागावर कोरलेल्या रेषांच्या कडा बोथट झाल्या आहेत, आणि प्रकाशात तिरपे धरले तर अगदी उथळ खळगा दिसतो. चाळीस वर्षे हा माणूस चेंडू त्याच जागी मारत आला आहे.

इथे अमेरिकन गोल्फपटू बेन होगनच्या १ नंबर आयर्नची आठवण होते. १९५० च्या यू. एस. ओपनमध्ये मेरियनच्या मैदानावर शेवटच्या भोकाकडे मारलेल्या फटक्याचे छायाचित्र जगभर पोहोचले, पण तो क्लब त्याच दिवसांत चोरीला गेला. १९८३ साली, तेहतीस वर्षांनी, तो पुन्हा सापडला. पृष्ठभागावर एकाच जागी पडलेला नाण्याएवढा झिजेचा डाग ही त्याची मोठी खूण होती. इतक्या अचूकपणे एकाच जागी मारणारे हात फार थोडे असतात.

काकांचा डाग मध्यावर नाही, मानेकडे आहे. आधी मला तो दोष वाटला, पण जुन्या पात्यासारख्या डोक्यांत मानेचा भाग जाड असल्याने वजनाचा मध्यच मुळी मानेकडे सरकलेला असतो. त्या क्लबाचा गोड बिंदू, म्हणजे जिथे लागलेला चेंडू सर्वांत चांगला जातो ती जागा, तिथेच आहे आणि काकांच्या हातांनी तो शोधून काढला आहे. नव्या डोक्याचा मध्य त्या मानाने टोकाच्या बाजूला असतो. नव्या क्लबावरही काकांचे ठसे मानेकडेच उठले, आणि त्या डोक्याच्या दृष्टीने ते चुकलेले फटके होते. नवा क्लब ते सांभाळून घेतो, म्हणून काकांना कळले नाही. हात जुन्या क्लबाचेच राहिले आहेत, डोके तेवढे नवे आहे. जुन्या क्लबांवर जीव असलेले खेळाडू "नव्यात फील नाही" म्हणतात, तेव्हा ते बहुधा याच अर्ध्या इंचाबद्दल बोलत असतात.

२ फेब्रुवारी, रविवार

ग्रिप, म्हणजे मुठीवरचे रबरी आवरण, बदलण्याचा दिवस. काकांचा विरोध सर्वांत जास्त इथेच होता, आणि बदल सर्वांत जास्त गरजेचाही इथेच होता. ग्रिपचे रबर ऊन, घाम आणि हवा यांनी कडक होते. वर चकाकी आली की ते हातातून निसटते, आणि खेळाडू नकळत मूठ अधिक आवळतो. आवळलेली मूठ दंडापर्यंत ताठरपणा नेते. हे सगळे इतके सावकाश घडते की आपली मूठ कधी आवळली गेली हे कोणालाही आठवत नाही.

७ नंबराच्या ग्रिपवर डाव्या अंगठ्याचा स्पष्ट खळगा आहे. त्यात मी माझा अंगठा ठेवून पाहिला, तो बसला नाही. काकांनी ठेवला तेव्हा साच्यात बसावा तसा बसला. "हा काढलास तर मी अंगठा कुठे ठेवू?" त्यांनी विचारले, आणि ते गमतीने विचारत नव्हते. आधी बाकीचे क्लब करू, आठ दिवस खेळा आणि मग ७ नंबराचे ठरवा, असे मी सुचवले. ते मान्य झाले.

आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरून काढली. आत पूर्वी कोणीतरी चिकटपट्टीचे तीन थर दिलेले होते, त्यामुळे ग्रिप जाड आणि जड झाली होती. थरांसह तिचे वजन ६१ ग्रॅम भरले. नवी ग्रिप एका थरासह ५२ ग्रॅम. वरून नऊ ग्रॅम कमी झाले की क्लब डोक्याकडे जड वाटू लागतो, आणि तेवढ्यानेही जाणत्या हाताला क्लब परका होतो. म्हणून मी नव्या ग्रिपखालीही तीनच थर दिले, जाडी आणि तोल दोन्ही जुन्याच्या जवळ आणले. मग दुतर्फी चिकटपट्टीवर टर्पेंटाइन ओतून ग्रिप सरकवली, तोंड सरळ केले आणि रात्रभर वाळायला ठेवली.

खर्चाची नोंद हवीच. सगळ्या ग्रिप, पट्टी आणि टर्पेंटाइन मिळून जो खर्च आला, तो नव्या सेटमधल्या एका आयर्नच्या किमतीपेक्षा कमी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्याकडून एक चूक झाली. ती जशी घडली तशी लिहितो.

नव्या ग्रिपांवर काका खूश होते. मूठ सैल राहते आणि संध्याकाळी कोपर दुखत नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ७ नंबराचीही ग्रिप बदलायला परवानगी दिली. त्या आनंदात मी पुढे गेलो आणि त्यांना न विचारता ७ नंबराची लाय ५८ वरून ६०.५ वर आणली. डोके तांब्याच्या पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळले, मानेवर वाकवणी चढवली आणि थोडा थोडा दाब देत, दर वेळी मोजत, अडीच अंश घेतले. क्रम पूर्ण झाला. पाच ते नऊ, अर्ध्या अर्ध्या अंशाची सरळ रेघ. कारागीर म्हणून मला फार बरे वाटले.

दुपारी शेतात काकांनी बारा चेंडू मारले आणि त्यांतले दहा डावीकडे गेले. शेवटी शेवटी त्यांनी क्लब खाली ठेवून हातांकडे पाहिले. "माझंच काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले. मी काय केले ते तेव्हा सांगावे लागले.

कारण साधे आहे. लाय सपाट असली की आघाताच्या वेळी क्लबाच्या डोक्याची मानेकडची बाजू, म्हणजे टाच, उचलली जाते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जातो. काका कितीतरी वर्षे चेंडू सरळ जावा म्हणून नकळत थोडे डावीकडे रोखून उभे राहत आले आहेत. पायांची ठेवण, खांदे, नजर, सगळे त्या अडीच अंशांना जुळवून बसले आहे. मी पोलादातली चूक काढली. शरीरातली भरपाई मात्र तशीच राहिली आणि तीच आता उघडी पडली.

काका रागावले नाहीत. बॅग उचलताना एवढेच म्हणाले, "विचारायला हवं होतंस." ते ऐकून मला जे वाटले, ते रागावण्याने वाटले नसते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री काकांचा फोन. त्यांनी विचार केला आहे. तीन महिने सराव केला तर सरळ लायला जुळवून घेता येईल हे त्यांना मान्य आहे, पण पंचाहत्तरीत ते तीन महिने चुकीच्या फटक्यांत घालवायची त्यांची इच्छा नाही. "होता तसा करून दे."

पोलाद किती वेळा वाकवता येते यालाही मर्यादा आहे. एका दिशेला वाकवून उलट आणले की मानेतले कण थकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी बारीक चीर जाऊ शकते. घाई न करता, आधी मान भिंगाखाली तपासून मगच हात लावणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

ड्रायव्हर. सर्वांत लांब फटक्यासाठीचा हा क्लब. जुना ड्रायव्हर लाकडी, परसिमनचा. डोके आणि दांडा यांच्या सांध्यावर गुंडाळलेला काळा दोरा सुटला होता. मेन रोडवर चपला शिवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे मेण लावलेला दोरा मिळाला आणि त्यांनीच तो गुंडाळूनही दिला, शेवटचे टोक वेढ्यांखालून खेचून असे काही लपवले की गाठ कुठेच दिसत नाही.

परसिमन हे झाड आपल्याला परके वाटते, पण त्याचे कूळ ओळखीचे आहे. आपली टेंभुर्णी, जिची पाने विडीला लागतात आणि ज्या धंद्यावर सिन्नरची कितीतरी घरे उभी राहिली, ती याच कुळातली, आणि काळे आबनूसही याच कुळातले. घट्ट, जड आणि आघात सोसणारे लाकूड हा त्या घराण्याचा गुण. म्हणूनच धातूचे ड्रायव्हर बाजारात येईपर्यंत, म्हणजे १९७९ सालापर्यंत आणि नंतरही काही वर्षे, मोठे खेळाडू याच लाकडाने खेळले.

चाचणीचा निकाल मात्र निर्विवाद लागला. लाकडी ड्रायव्हर सरासरी १५८ यार्ड, नवा १८१. इथे तळावरच्या आकड्याचा खेळ नाही. लाकडी डोक्याचे आकारमान दोनशे घनसेंटिमीटरहून कमी, नव्याचे ४६०, दांडा अडीच इंच लांब आणि पोलादाऐवजी कार्बनचा म्हणून निम्म्याने हलका, आणि टायटॅनियमचा पातळ पृष्ठभाग चेंडूला परत फेकतो. काकांच्या वयात २३ यार्ड म्हणजे दुसऱ्या फटक्याला हातात मोठ्या डोक्याच्या वूडऐवजी आयर्न येणे.

पोलादी दांड्यांना ब्रिटिशांनी १९२९ साली मान्यता दिली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी गोल्फपटू बॉबी जोन्सने हिकोरी लाकडाच्या दांड्यांनी खेळून त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. काकांनी मला हे उदाहरण दिले. मी त्यांना म्हटले, "काका, जोन्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता." त्यांनी नवा ड्रायव्हर बॅगेत ठेवला. लाकडी ड्रायव्हरला तेलाचा हात फिरवून तो त्यांनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा केला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे काम करताना माझेच कपाट मला टोचू लागले होते. काका एका टोकाला, तर मी दुसऱ्या. माझ्याकडे २०१४, २०१८ आणि २०२२ साली घेतलेले तीन ड्रायव्हर आहेत आणि चौथ्याचे मन झाले होते. तिन्हींनी वीस वीस चेंडू मारले. तिघांच्या सरासरीत चार यार्डांच्या आतला फरक निघाला, आणि एकेका ड्रायव्हरच्या स्वतःच्याच फटक्यांत तीस यार्डांहून जास्त विखुरणी होती. फरक कुठे असलाच तर तो विखुरणीत बुडून गेला.

याचे कारण नियमांत आहे. २००४ सालापासून डोके ४६० घनसेंटिमीटरहून मोठे करता येत नाही. पृष्ठभागाच्या स्प्रिंगसारख्या वागण्यालाही मर्यादा आहे. पोलादी गोळीचा लंबक पृष्ठभागावर आपटून संपर्काची वेळ मोजतात आणि ती सवलतीसह २५७ मायक्रोसेकंदांपलीकडे जाऊ देत नाहीत. माझे तिन्ही ड्रायव्हर त्या भिंतीपर्यंत आलेले आहेत. लाकडाकडून टायटॅनियमकडे जाताना काकांनी एक खरी पायरी चढली, आणि मी दर चार वर्षांनी त्याच पायरीचे पैसे पुन्हा पुन्हा भरत होतो. चौथा ड्रायव्हर घेणार नाही. त्या पैशांत वर्षभर दर रविवारी शिकवणी होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, वर्कशॉप बंद, त्र्यंबक रस्त्यावर पहाटेपासून भाविकांची रांग. घरीच पटरची, म्हणजे चेंडू भोकाकडे हलके ढकलण्याच्या क्लबाची, तपासणी केली.

पटरबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यात झिजण्याजोगे ग्रिपशिवाय काहीच नाही, आणि चेंडू इतका हळू जातो की डोक्याच्या तंत्राने यार्ड वाढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टायगर वूड्सने १५ पैकी १४ मोठी विजेतेपदे १९९९ पासून हाती असलेल्या एकाच पटरने मिळवली. उलट उदाहरणही नोंदवायला हवे. जॅक निक्लॉसने १९८६ साली, छेचाळीसाव्या वर्षी, मास्टर्स जिंकली ती अवाढव्य डोक्याच्या एका नव्या पटरने, जो पाहून तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. पटर ज्याच्या त्याच्या नजरेला पटावा लागतो. काकांना त्यांचाच पटतो. ग्रिप बदलली, काम संपले.

२ मार्च, रविवार

दोन्ही जुने वेज, म्हणजे वाळूतून आणि जवळून मारायचे जास्त लॉफ्टचे क्लब, भिंगाखाली पाहिले. रेषांच्या कडा इतक्या गोल झाल्या आहेत की नख अडकत नाही. वाळूतून मारले की प्रत्येक फटका कानशीचे काम करतो, त्यामुळे सगळ्या सेटमध्ये हेच डोके खऱ्या अर्थाने झिजते. रेषा बोथट झाल्या की ओल्या गवतावर चेंडूला फिरकी मिळत नाही आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, तो थांबत नाही. इथे जिव्हाळ्याला जागा ठेवण्यासारखे काही नाही, आणि काकांनीही ठेवली नाही. "याच्यावर माझा कधीच जीव नव्हता," ते म्हणाले. नवे दोन वेज बॅगेत गेले.

९ मार्च, रविवार

७ नंबराची मान साफ करून आधी भिंगाखाली, मग रंगीत द्रव लावून चीर तपासली. चीर नाही. व्हाइस, तांब्याच्या पट्ट्या, वाकवणी. या वेळी काका शेजारी उभे होते आणि प्रत्येक पाव अंशाला मी त्यांना काटा दाखवत होतो. ५८ वर थांबलो. त्यांनी सांगितल्यामुळेच थांबलो असे नाही. अंशांचा क्रम सरळ करणे हे माझे समाधान होते आणि तो क्लब त्यांचा आहे, हे एव्हाना मला पुरते समजले होते.

शेतात बारांपैकी नऊ चेंडू चुन्याच्या मधल्या पट्ट्यात पडले. नव्या ग्रिपवर अंगठ्याचा खळगा नाही, पण मूठ जमवताना काकांचा अंगठा क्षणभर थांबतो आणि मग त्याच जागी बसतो हे मी तीन-चार वेळा पाहिले.

बॅग अशी लागली: नवा ड्रायव्हर, नव्या सेटमधले दोन फेअरवे वूड, नवे दोन हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधले क्लब), जुने ५ ते ९ आयर्न, जुना पिचिंग वेज, नवे दोन वेज आणि जुना पटर. चौदा भरले. पिचिंग वेजच्या रेषा अजून धड आहेत, कारण काका त्याने वाळूतून कधीच मारत नाहीत. नव्या सेटचे आयर्न मुलांना विचारून काकांच्या नातवाला द्यायचे ठरले आहे. तो नुकताच शिकतो आहे आणि त्याच्या हातांना अजून कोणत्याच क्लबाची सवय नाही. मुलांनी आनंदाने होकार दिला.

पुढची तपासणी मे अखेरीस, पावसाआधी: दांड्यांना आतून गंज, ग्रिपांचा कडकपणा आणि सगळ्या आयर्नच्या लाय. गेज रजिस्टरमध्ये काकांच्या सेटचे पान उघडले आहे. ७ नंबरासमोर मूळ माप या रकान्यात ६०.५ लिहिले होते, ते खोडून ५८ केले, आणि शेरा लिहिला: "हेच बरोबर माप. दुरुस्त करू नये." खाली काकांनी सही केली.